जुन्या गाडीच्या बॉनेटखालचा आवाज कसा शोधावा

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीतून आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ‘ठक-ठक’ असा जड आवाज येऊ लागला. बेळगावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तेव्हा तिथल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून जेमतेम अर्धा मिनिट कान दिला आणि पिस्टनला क्रँकशी (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असून इंजिन उतरवावे लागेल, असे सांगितले. ऑइलचा दिवा लागत नव्हता, म्हणून मी गाडी सावकाश घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फॅन बेल्ट काढून इंजिन वीस सेकंद चालवून पाहिले. आवाज पूर्ण थांबला होता. बेअरिंग गेले असते तर बेल्ट असो वा नसो, ते वाजलेच असते. त्याच बेल्टने फिरणारा, बॅटरी भरणारा डायनामो ज्या खालच्या बोल्टवर झुलतो, तो बोल्ट दोन आटे ढिला झालेला सापडला. बाराच्या पान्याने तो आवळला आणि काम संपले.

त्या मेस्त्रींचा कान वाईट होता असे मी म्हणणार नाही. इंजिनचा ब्लॉक, हेड आणि त्यांना बोल्टने जखडलेले सगळे कंस मिळून धातूचा एकच ठोकळा होतो आणि त्याच्या एका टोकाला झालेला ठोका दुसऱ्या टोकाला तितकाच स्पष्ट ऐकू येतो. त्यामुळे आवाज कुठून येतो, या प्रश्नाचे उत्तर कान अनेकदा चुकीचे देतो. तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र सहसा बरोबर देतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याने पाना हातात घेण्यापूर्वी हे ‘केव्हा’ नीट तपासावे, कारण निम्म्याहून अधिक शोध तिथेच पूर्ण होतो.

आवाजाची नोंद

एक वही किंवा मोबाइलमधील टिपणाची जागा घ्यावी आणि दोन-तीन दिवस पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना आवाज येतो का, आणि आला तर दोन सेकंदांत, दोन मिनिटांत की दहा किलोमीटर गेल्यावर थांबतो? इंजिन गरम झाल्यावर तो वाढतो की कमी होतो? गाडी उभी असताना नुसती रेस दिली तर येतो, की चढावर इंजिनवर भार पडल्यावरच येतो? एक्सलरेटर सोडल्याच्या क्षणी येतो का? क्लच दाबल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, एसी लावल्यावर किंवा हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू केल्यावर त्याच्यात काही फरक पडतो का? शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की इंजिनचे फेरे वाढले की आवाजाचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो का? वाढत असेल तर तो इंजिनचा किंवा त्याच्याशी जोडलेल्या फिरत्या भागाचा आहे. गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल आणि न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर येतच नसेल, तर बॉनेट उघडण्यात अर्थ नाही. तो आवाज चाकांच्या बाजूचा आहे.

आवाजाला योग्य शब्द देणेही तितकेच उपयोगाचे आहे, आणि या बाबतीत मराठी चांगलीच श्रीमंत आहे. टिकटिक, टकटक आणि ठकठक हे तीन वेगळे आवाज आहेत व त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. किरकिर, घरघर आणि गुरगुर यांतही असाच फरक आहे. आपल्या भागात गॅरेजमधील संभाषण मराठीत सुरू होऊन कानडीत संपते आणि मधल्या प्रवासात ‘सौंड बरतैती’ (आवाज येतोय) एवढ्या एका वाक्यात टिकटिकीपासून धाडधाडीपर्यंतचे सगळे आवाज मावून जातात. त्यामुळे मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून नेणे शहाणपणाचे ठरते. मुद्रण मात्र थंड इंजिनवर आणि गरम इंजिनवर असे दोनदा करावे, आणि मोबाइल दोन्ही वेळा एकाच जागी धरावा.

हात घालण्यापूर्वी

चालू इंजिनाजवळ सैल बाह्यांचा सदरा, ओढणी, साडीचा पदर किंवा गळ्यातली साखळी नको. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये आणि चाकांमागे दगड लावून उभी करावी. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही सुरू होतो, हे ध्यानात ठेवून बोटे त्याच्या पात्यांपासून दूरच ठेवावीत. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही कारणासाठी उघडू नये.

अवजारांत फारसे काही लागत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर हा मेस्त्रींचा जुना स्टेथोस्कोप आहे. त्याचे टोक संशयित भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवावे आणि मूठ कानासमोरच्या हाडाला लावावी, म्हणजे आतले बेअरिंग हाडातून स्पष्ट ऐकू येते. ज्यांना लोखंड कानाजवळ नेण्याची धास्ती वाटते, त्यांनी फूटभर लांबीची लाकडी काठी वापरावी. हवेची गळती शोधण्यासाठी मात्र काठीचा उपयोग नाही. त्यासाठी हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडाजोडांवरून फिरवावे.

फुकटची कामे आधी

पहिले काम ऑइलची पट्टी पाहण्याचे आहे. गाडी सपाट जागी पाच-दहा मिनिटे बंद ठेवून पट्टी ओढावी, पुसावी, पुन्हा घालावी आणि मग वाचावी. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर वरच्या भागातली टिकटिक त्यामुळेच असू शकते, आणि ऑइल भरण्याआधी केलेले सगळे निदान व्यर्थ जाते.

दुसरे काम, इंजिन बंद ठेवून सगळे हलवून पाहण्याचे. एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचा क्लॅम्प, बॉनेटचा टेकू, पंख्याभोवतीचे आवरण आणि मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचा) पातळ पत्रा या पाच जागांतून येणारी खडखड मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता मी इंजिनकडे त्यांच्यानंतरच वळतो. मॅनिफोल्डवरच्या पत्र्याचे बोल्ट गंजून तुटतात आणि मग तो ठराविक फेऱ्यांवर झणझणतो, त्याच्या थोडे खाली किंवा वर गप्प बसतो. इंजिन थंड असताना त्यावर मुठीने हलकेच ठोकले की तोच आवाज येतो.

ऊस तोडणीच्या हंगामात निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यांतून गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून सांडलेले पाचट गाडीखालून वर येते, इंजिनच्या खालच्या पत्र्यात अडकते आणि बेल्टच्या किंवा पंख्याच्या जवळ पोचले की सरसर वाजते. आवाजाचा त्रास त्यात किरकोळच असतो, पण सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला कोरडे पाचट चिकटले तर ते पेटते, म्हणून ते दिसताक्षणी काढावे. शेतातल्या घराजवळ गाडी उभी राहत असेल तर एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा. उंदरांनी तिथे भुईमुगाच्या टरफलांचा साठा केलेला मी स्वतः काढला आहे.

तिसरे काम इंजिनच्या फाउंडेशनचे, म्हणजे ज्या रबरी ठोकळ्यांवर इंजिन बसलेले असते त्यांचे. गाडी सुरू करताना व बंद करताना आणि पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये क्लच सोडताना ‘धप्’ असा एकच ठोका येत असेल तर रबर फाटले आहे असे समजावे. एकाने ब्रेक घट्ट दाबून क्लच अगदी थोडा सोडावा आणि दुसऱ्याने बाजूला, कधीही समोर नव्हे, उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहावे. निरोगी फाउंडेशनवर ते थोडे डुलते. फाटलेल्यावर उसळी मारते.

बेल्ट आणि बेल्टवरची मंडळी

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला सकाळी गाडी सुरू होताच ‘चींऽऽ’ अशी किंकाळी येते आणि दोन-चार मिनिटांत थांबते. ती जवळजवळ नेहमी बेल्टची असते. बेल्ट ढिला असेल, चकाकी येऊन गुळगुळीत झाला असेल किंवा लाल मातीचा पातळ थर पुलीच्या खाचेत वाळला असेल, तर तो घसरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी भरून काढण्यासाठी डायनामो सुरुवातीलाच जास्त भार घेतो, म्हणून किंकाळी सुरू करतानाच अधिक असते. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम लावल्यावर ती वाढली तर संशय पक्का होतो.

इथे पाण्याची चाचणी उपयोगी पडते. इंजिन चालू असताना बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडून बेल्टच्या आतल्या, म्हणजे खाचेत बसणाऱ्या बाजूवर, लांबून थोडेसे पाणी उडवावे. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे. आवाज लगेच थांबून काही सेकंदांत पुन्हा आला, आणि तो लांब किंकाळीऐवजी चिमणीसारखा तुटक ‘चिव-चिव’ असला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. ढिल्या बेल्टला ताण देणे सोपे आहे. जुन्या गाड्यांच्या व्ही आकाराच्या बेल्टला दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबायला हवे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फार ताणणेही चुकीचेच, कारण मग डायनामो आणि वॉटर पंपाची बेअरिंग लवकर जातात आणि किंकाळीच्या जागी घरघर विकत घेतल्यासारखे होते. बेल्टला साबण किंवा मेण घासण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने आठवडाभर शांतता मिळते, नंतर बेल्ट आणखी घसरतो.

घरघर मात्र बेअरिंगची खूण आहे आणि तिच्यासाठी बेल्ट काढून पाहण्यासारखी दुसरी चाचणी नाही. इंजिन थंड असताना बेल्ट उतरवावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून व हलवून पाहावी. चांगले बेअरिंग गप्प फिरते. खराब बेअरिंग वाळूत फिरल्यासारखे खरखरते किंवा पुली डुलते. त्यानंतर बेल्टशिवाय इंजिन वीस-तीस सेकंद चालवावे. अनेक जुन्या गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो, त्यामुळे यापेक्षा जास्त वेळ चालवू नये. आवाज गेला तर चोर बेल्टवरच्या मंडळींपैकी एक आहे. राहिला तर तो इंजिनच्या आत, क्लचकडे, किंवा ज्या गाडीत दुसराही बेल्ट आहे तिथे त्या बेल्टवर आहे.

या मंडळींत वॉटर पंपाकडे सर्वांत आधी पाहावे, कारण तो बिघडला तर इंजिन तापते आणि नुकसान मोठे होते. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक छिद्र असते. त्यातून कूलंट झिरपत असेल किंवा तिथे वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसत असेल तर पंप जाण्याच्या वाटेवर आहे. एसी बंद असताना येणारी आणि एसी लावताच थांबणारी घरघर ही बहुधा कॉम्प्रेसरच्या पुलीच्या बेअरिंगची असते. पॉवर स्टिअरिंगचा पंप स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कण्हतो. आधी त्याच्या डब्यातले तेल पाहावे. क्लचचे तर आणखी सोपे आहे: पेडल दाबल्यावर सुरू होणारी खरखर रिलीज बेअरिंगची, आणि न्यूट्रलमध्ये येणारी पण पेडल दाबताच थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगची.

वरची टिकटिक

टिकटिक ऐकली की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट, असे समीकरण आपल्याकडे पक्के आहे आणि त्यामुळे विनाकारण आवळलेल्या टॅपेटांची संख्या मोठी असावी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक फेरा होतो. मिनिटाला ८४० फेऱ्यांच्या आयडलिंगवर क्रँक सेकंदाला १४ वेळा फिरते आणि कॅमशाफ्ट ७ वेळा. त्यामुळे एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला ७ वेळा येते आणि कानाला सुटी-सुटी कळते, तर क्रँकच्या गतीने येणारा आवाज ‘टर्रर्र’ असा जोडून येतो. ज्यांच्याकडे टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) आहे त्यांना मोजायचीही गरज नाही. डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, असलेल्या गाडीत पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला तो लावला की दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. लुकलुकण्याबरोबर एक टिक आली तर आवाज कॅमशाफ्टच्या गतीचा, दोन आल्या तर क्रँकच्या गतीचा.

पण कॅमशाफ्टच्या गतीने केवळ व्हॉल्व्हच वाजतात असे नाही. एका सिलिंडरमधला धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो, आणि मॅनिफोल्डची गॅस्केट जळली असेल तर तो धूर फटीतून निसटताना हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो. दोघांत फरक असा: गळती थंड इंजिनवर जोरात असते, धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज कमी होतो; शिवाय रेस देताना ती एकदम वाढते. सैल टॅपेट गरम झाल्यावरही वाजत राहतो आणि त्याला भाराची फारशी पर्वा नसते. खात्रीसाठी साहाय्यकाला जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद अर्धवट झाकायला सांगावे; गळती असेल तर टिकटिकीची ‘फुस-फुस’ होते, आणि जोडाजवळ काजळीचा काळा डागही बहुधा सापडतोच. प्लग नीट आवळला नसेल तरीही असाच आवाज येतो. प्लगच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडल्यावर बुडबुडे आले की उलगडा होतो.

टॅपेटच असल्याचे ठरले, तर फिलर गेजने फट मोजून ती पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे लावावी, कानाने नव्हे. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आवळलेला टॅपेट धोक्याचा असतो. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, विशेषतः एक्झॉस्टचा, आणि काही हजार किलोमीटरांत त्याची कड जळते. जुन्या इंजिनाची बारीक, एकसारखी टिकटिक ही तक्रार नव्हे. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने फट आपोआप जुळवणाऱ्या) टॅपेटच्या गाड्यांत रात्रभरानंतर काही सेकंद टिकटिक होऊन थांबत असेल तर तेही क्षम्यच आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर स्वतःच बारीक टिकटिकतात. स्क्रू ड्रायव्हर लावून सगळे सारखेच वाजतात की एखादा गप्प आहे, एवढेच पाहावे.

टायमिंगचा, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनचा किंवा बेल्टचा, आवाज मात्र कधीही क्षम्य मानू नये. चेन असलेल्या इंजिनात, उदाहरणार्थ जुन्या प्रीमिअर पद्मिनीत किंवा स्विफ्ट डिझेलच्या १२४८ सीसी इंजिनात, चेन किंवा तिचा टेन्शनर सैल झाला की सकाळी सुरू करताना इंजिनच्या चेनच्या बाजूकडून साखळी फरफटत नेल्यासारखी खळखळ येते आणि ऑइलचा दाब चढला की थांबते. ती रोज थोडी लांबत असेल तर तपासणी पुढे ढकलू नये. मारुती ८०० सारख्या बेल्टच्या इंजिनात हा धोका अधिक कपटी आहे, कारण टायमिंग बेल्ट तुटण्याआधी आवाज करेलच असे नाही. तिथे आवाजाची वाट न पाहता पुस्तिकेतल्या किलोमीटरप्रमाणे बेल्ट बदलावा.

घाटात येणारा आवाज

गोव्याहून परतताना चोर्ला किंवा सावंतवाडीहून येताना आंबोलीचा घाट वरच्या गिअरमध्ये रेटत चढवला, की जुन्या पेट्रोल गाडीतून डब्यात खडे हलवल्यासारखा ‘किण-किण-किण’ आवाज येतो आणि एक्सलरेटर थोडा सोडताच बंद होतो. हे नॉकिंग आहे. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेने शिस्तीत जळण्याऐवजी त्याचा उरलेला भाग दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतो. बेळगावात कधी न येणारा हा आवाज गोव्यात येतो याचे अनेकांना आश्चर्य वाटते, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा विरळ असल्याने सिलिंडरमधला दाब थोडा कमी राहतो, आणि कानाने पुढे ठेवलेला, म्हणजे ठिणगी जरा लवकर देणारा, डेल्को इथे खपूनही जातो. किनाऱ्यावर दाट व उष्ण हवेत मात्र तो महागात पडतो.

उपायांचा क्रम असा ठेवावा. आधी चालवण्याची सवय बदलावी आणि चढावर वेळेत खालचा गिअर टाकावा. मग इंजिन तापत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ पुस्तिकेप्रमाणे करावी आणि डेल्कोची व्हॅक्यूमची नळी फाटलेली नाही ना, ते पाहावे. प्लग योग्य उष्णता-श्रेणीचे आहेत का, तेही तपासावे. एवढ्याने भागले नाही तर पिस्टनवर साचलेल्या काजळीचा विचार करावा. अधूनमधूनची किणकिण इंजिन सोसते. पण पूर्ण घाटभर ती ऐकत गाडी रेटणे म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर हातोडी चालवणे.

खालचा ठोका

सर्वांत गंभीर आवाज खालून येतात आणि त्यांच्या बाबतीत घाई व दिरंगाई दोन्ही महाग पडतात. थंड इंजिनवर येणारी पोकळ ‘टप-टप’, जी पाच-सात मिनिटांत विरते, ती सैल झालेल्या पिस्टनची असते. पिस्टन तापून फुगला की सिलिंडरच्या भिंतीवर आपटणे थांबते. डिसेंबरमध्ये बेळगावच्या गारठ्यात ती अधिक ऐकू येते. ऑइल जळत नसेल तर अशी गाडी आणखी बरीच वर्षे चालते.

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका याच्या उलट वागतो. ऑइल तापून पातळ झाले की तो वाढतो, भार दिल्यावर कडक होतो आणि वेगात एक्सलरेटर सोडण्याच्या क्षणी ठळकपणे खडखडतो. त्याची चाचणी अशी: डेल्को असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद करून एका सिलिंडरची प्लगची वायर काढावी, तिच्यात जादा प्लग बसवून त्याचे अंग इंजिनला घट्ट टेकवावे आणि मग इंजिन सुरू करून ऐकावे. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावतो, दोष त्याच सिलिंडरचा. चालू इंजिनवर हाताने वायर ओढू नये. धक्का जबर बसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा) असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांपुरतीच करावी, कारण न जळलेले पेट्रोल त्याच्यात जाते. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेलमध्ये मेस्त्री इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून हेच साधतात; पण कॉमन रेल डिझेलमध्ये तसा विचारही करू नये, तिथला दाब हजार बारपेक्षा जास्त जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

खूप जड, पायाखाली जाणवणारा ‘धब-धब’ असा ठोका मेन बेअरिंगचा असतो. पण क्रँकच्या पुढच्या पुलीचा बोल्ट सैल झाला तरी जवळपास तसाच आवाज येतो, म्हणून इंजिन उतरवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी तो बोल्ट आणि आमच्या डायनामोच्या बोल्टासारखे सगळे बोल्ट तपासून घ्यावेत. ठोक्याबरोबर ऑइलचा दिवा लुकलुकू लागला तर मात्र तिथेच इंजिन बंद करावे. वंटमुरी किंवा तवंदीच्या चढावर असलो तरी ‘गावापर्यंत पोचू’ असा हिशेब करू नये, गाडी ओढून न्यावी. त्या पाच-दहा किलोमीटरांत नुसत्या बेअरिंगच्या कामाचे क्रँक बदलण्याचे काम होते.

काम निघालेच, तर बेळगावात लेथची उणीव नाही. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीने पंप, व्हॉल्व्ह आणि क्रँकशाफ्ट यांच्या जोरावरच नाव कमावले आहे. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घेतल्याशिवाय बेअरिंग खरेदी करू नये. घासलेली क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइजची बेअरिंग बसवता येतात, आणि जुन्या क्रँकवर तसेच नवे स्टँडर्ड बेअरिंग ठोकून दिले तर ठोका काही महिन्यांत परततो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एवढे पाहावे, की दाखवायला काढलेल्या गाडीचे इंजिन आधीच गरम करून ठेवलेले नाही ना. पिस्टनची टपटप, मॅनिफोल्डची गळती आणि चेनची खळखळ हे तिन्ही आवाज गरम इंजिनवर लपतात. बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागले तर उद्या सकाळी येतो म्हणून सांगावे. खालचा ठोका दडवण्यासाठी नेहमीपेक्षा जाड ऑइल भरण्याची युक्तीही जुनी आहे; म्हणून अर्धा तास चालवून ऑइल पूर्ण तापल्यावर पुन्हा एकदा ऐकावे.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेतानाही हाच नियम पाळावा. ज्या स्थितीत आवाज येत होता, नेमक्या त्याच स्थितीत गाडी ऐकावी: आवाज थंड इंजिनचा असेल तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी आणि सकाळी शटर उघडल्यावर मेस्त्रींच्या समोर पहिल्यांदा सुरू करावी, आणि आवाज चढावरचा असेल तर त्यांना शेजारी बसवून जवळच्या चढापर्यंत एक फेरी मारून आणावी.